‘फाईल तर हाय की हितं!’ : लिनक्सवर ब्राउझर प्लगइनची हरवलेली लायब्ररी शोधताना

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका कंत्राटदाराच्या ऑफिसात गेल्या पावसाळ्यात दुपारी सव्वातीनला मी उभा होतो. टेंडर भरायची मुदत पाचला संपणार. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन लॅपटॉपला लावलेलं, त्याचा तांबडा दिवा लुकलुकतोय, आणि फायरफॉक्स एकच वाक्य परत परत दाखवतोय : ‘अनएबल टू ॲड मॉड्यूल’. का, ते सांगायची तसदी नाही. शेवटी मालकांनी स्वतः फोल्डर उघडलं आणि स्क्रीनवरच्या फाईलवर बोट टेकवलं. “अवो, फाईल तर हाय की हितं! मग न्हाई का म्हणतंय?”

प्रश्न रास्त होता. त्या दिवशीचं टेंडर राजारामपुरीहून धाकट्या मुलाचा विंडोजवाला लॅपटॉप मागवून पावणेपाचला गेलं. लिनक्सवरचं दुखणं मी दुसऱ्या दिवशी निवांत बसून काढलं. तेव्हापासून शाहूपुरी, उद्यमनगर, गोकुळ शिरगाव इथल्या ओळखीच्या ऑफिसांतून हाच फोन येतो, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय. तुम्ही लिनक्सवर नवे असाल, उबुंटू किंवा डेबियनच्या घराण्यातलं काही वापरत असाल, तर पायरीपायरीने चला. सी-डॅकचं बॉस लिनक्सही डेबियनवरच उभं आहे, तेव्हा तिथेही बहुतेक आज्ञा चालतील.

एक सूचना आधीच देतो. आज्ञा मी फोनवर सांगतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा द्यायच्या खिडकीत, टाइप करताना इंग्रजी अक्षरं, लहान लिपीत, आकडेही इंग्रजी. ‘एलडीडी’ म्हणजे एल, डी, डी ही तीन अक्षरं सलग. तिरकी रेघ, आडवी रेघ, टिंब जिथे दिसेल तिथे तेच चिन्ह टाकायचं. कॉपी करून चिकटवण्यापेक्षा हाताने टाइप केलेली आज्ञा माणूस वाचतो तरी, असा माझा अनुभव आहे. इंटरनेटवरून उचललेली ‘सुडो’ची, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने चालणारी, ओळ न वाचता चिकटवून मशीन बंद पाडलेले लोक मी पाहिलेत.

आधी ठरवा : प्लगइन जिवंत आहे का?

हे तपासायला दोन मिनिटं लागतात आणि कधीकधी अख्खा दिवस वाचतो. पूर्वी ज्याला प्लगइन म्हणायचे, म्हणजे फ्लॅश, जावा ॲप्लेट वगैरे, ती जात संपली. ती सगळी एनपीएपीआय नावाच्या जुन्या पद्धतीने ब्राउझरमध्ये शिरायची. क्रोमने लिनक्सवर ते दार 2014 मध्येच बंद केलं. फायरफॉक्सने मार्च 2017 मध्ये, 52 व्या आवृत्तीत, फ्लॅश सोडून बाकी सगळ्यांना बाहेर काढलं आणि जानेवारी 2021 मध्ये, 85 व्या आवृत्तीत, फ्लॅशलाही. जावाकडूनही 2018 च्या 11 व्या आवृत्तीत ॲप्लेटचा भाग निघून गेला. तेव्हा एखादं जुनं संकेतस्थळ अजून ॲप्लेट मागत असेल, तर लायब्ररी (प्रोग्रामला लागणारी तयार कोडची फाईल) शोधत बसू नका. ती सापडली तरी आजचा ब्राउझर प्लगइन उघडणारच नाही. त्या संकेतस्थळाने नवा मार्ग दिला आहे का, एवढंच बघा.

आज लायब्ररीची तक्रार येते ती साधारण तीन ठिकाणांहून. पहिलं, डिजिटल सहीच्या टोकनचं मॉड्यूल, म्हणजे ब्राउझरला टोकनशी बोलू देणारी फाईल. ते पीकेसीएस११ नावाच्या ठरावीक पद्धतीचं असतं आणि ब्राउझर ते स्वतःच्या पोटात उघडतो. दुसरं, एखाद्या एक्स्टेन्शनचा मदतनीस प्रोग्राम. एक्स्टेन्शन स्वतः जावास्क्रिप्टमध्ये असतं, त्याला सिस्टीमची लायब्ररी लागत नाही, पण ते ज्या प्रोग्रामशी बोलतं त्याला लागते. तिसरं, व्हिडिओ. ते आत्ताच उरकतो : डेबियन घराण्यात ‘लिबएव्हीकोडेक-एक्स्ट्रा’ हे पॅकेज घातलं की फायरफॉक्समधले बहुतेक न चालणारे व्हिडिओ चालू लागतात. खरा वेळ खातात ती पहिली दोन.

ब्राउझर बोलत नसेल तर बाहेर बोलतं करा

ब्राउझरच्या खिडकीत कारण कधीच कळत नाही. म्हणून मॉड्यूल ब्राउझरच्या बाहेर उघडून बघायचं. त्यासाठी ‘ओपनएससी’ नावाचं पॅकेज घाला :

सुडो एपीटी इन्स्टॉल ओपनएससी

मग टोकनच्या ड्रायव्हरने टाकलेली फाईल कुठे आहे ते बघा. बहुधा /यूएसआर/लिब मध्ये किंवा /ऑप्ट मध्ये असते, आणि नावाच्या शेवटी ‘.एसओ’ असतं. या लेखापुरतं तिला लिबटोकन.एसओ म्हणू. आता :

पीकेसीएस११-टूल --मॉड्यूल /यूएसआर/लिब/लिबटोकन.एसओ -एल

इथे शेवटचं एल मोठ्या लिपीत. लक्ष्मीपुरीत हे चालवलं तेव्हा जी ओळ आली ती अशी : ‘लिबपीसीएससीलाइट.एसओ.१ : कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाईल : नो सच फाईल ऑर डिरेक्टरी’.

आता ही ओळ सावकाश वाचा. मालक बोट ठेवत होते लिबटोकनवर. तक्रार आहे लिबपीसीएससीलाइटची. टोकनची फाईल सापडली होती, उघडायलाही घेतली होती. तिला ज्या दुसऱ्या फाईलचा आधार लागतो ती मिळाली नाही. ब्राउझरने मधलं सगळं गिळलं आणि नुसतं ‘जमलं नाही’ म्हणाला. ‘नो सच फाईल’ दिसलं की शेवटचे शब्द वाचून घाबरायचं नाही, त्याच्या आधी कुणाचं नाव आलंय ते कागदावर उतरवून घ्यायचं. एसओच्या पुढचा आकडाही उतरवायचा. त्या आकड्यावर पुढे बराच खेळ आहे.

मदतनीस प्रोग्रामचं प्रकरण असेल तर तो प्रोग्राम कुठे बसलाय ते एका छोट्या जेसन फाईलमध्ये लिहिलेलं असतं. फायरफॉक्ससाठी ती /यूएसआर/लिब/मोझिला/नेटिव्ह-मेसेजिंग-होस्ट्स मध्ये किंवा तुमच्या होम फोल्डरमधल्या लपलेल्या .मोझिला मध्ये त्याच नावाच्या फोल्डरात सापडते. तिच्यात ‘पाथ’ या शब्दापुढे प्रोग्रामचा पत्ता असतो. तो पत्ता टर्मिनलमध्ये टाकून एंटर मारा. लायब्ररी नसेल तर ‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज’ असं म्हणत तो तिथेच पडेल, आणि तुम्हाला नाव मिळेल. काहीच न बोलता नुसता थांबून राहिला तर तो बरा आहे, ब्राउझरची वाट बघतोय. कंट्रोल आणि सी दाबून बाहेर या.

बत्तीस की चौसष्ट?

नाव मिळालं की लगेच पॅकेज शोधायला पळू नका. आधी ही एक आज्ञा :

फाईल /यूएसआर/लिब/लिबटोकन.एसओ

उत्तरात ‘ईएलएफ ६४-बिट’ किंवा ‘ईएलएफ ३२-बिट’ असं येईल. ३२ आलं आणि तुमचा ब्राउझर ६४ चा असेल, जो आता असतोच, तर ते मॉड्यूल त्यात कधीच उघडणार नाही. एका प्रोसेसच्या, म्हणजे चालू प्रोग्रामच्या, पोटात ३२ आणि ६४ एकत्र नांदत नाहीत. ‘राँग ईएलएफ क्लास’ असा शेरा दिसला तर तोही हेच सांगतोय. उपाय एकच : ड्रायव्हरचं ६४ बिटचं पॅकेज आणा. बऱ्याच झिप फायलींत दोन्ही फोल्डर असतात आणि घाईत चुकीचं उचललं जातं.

मदतनीस प्रोग्राम मात्र वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतो, म्हणून तो ३२ चा असला तरी चालवता येतो. त्याच्या लायब्रऱ्याही ३२ च्याच घालाव्या लागतात. त्यासाठी :

सुडो डीपीकेजी --ॲड-आर्किटेक्चर आय३८६

मग सुडो एपीटी अपडेट, आणि पॅकेजच्या नावापुढे विसर्गासारखी दिसणारी इंग्रजी दोन टिंबं (:) देऊन आय३८६. इथे नवख्यांना चकवणारी एक गंमत आहे. ३२ चा प्रोग्राम ६४ च्या मशीनवर चालवला आणि ३२ चा लोडरच (प्रोग्राम सुरू करताना लायब्रऱ्या जोडणारी फाईल) नसला, तर जुन्या आवृत्तीचं बॅश, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम, म्हणतं ‘नो सच फाईल ऑर डिरेक्टरी’, आणि नाव घेतं त्याच प्रोग्रामचं! एलएस केलं तर फाईल समोर दिसते, चालवायला गेलं तर ‘नाही’. हरवलेला असतो तो लोडर, म्हणजे /लिब/एलडी-लिनक्स.एसओ.२. मालकांचा प्रश्न इथे जास्त शोभला असता. याच परिस्थितीत पुढची एलडीडी आज्ञाही ‘नॉट अ डायनॅमिक एक्झिक्युटेबल’ असं दिशाभूल करणारं उत्तर देते. म्हणून ‘फाईल’ आधी, एलडीडी नंतर.

एलडीडी : कुणाकुणाचं देणं आहे ती यादी

एलडीडी /यूएसआर/लिब/लिबटोकन.एसओ

ही आज्ञा त्या फाईलला लागणाऱ्या सगळ्या लायब्रऱ्या, त्यांना लागणाऱ्या आणखी, अशी पूर्ण यादी छापते. डावीकडे नाव, मग बाण, मग ती कुठे सापडली तो पत्ता. जिथे पत्त्याऐवजी ‘नॉट फाउंड’ आहे ते तुमचं काम. यादी लांब असेल तर शेवटी पाइपची उभी रेघ देऊन ग्रेप "नॉट फाउंड" जोडा, म्हणजे तेवढ्याच ओळी उरतील.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, एलडीडी काही परिस्थितीत त्या फाईलमधला कोड प्रत्यक्ष चालवू शकते. कुठून आलीय ते माहीत नसलेल्या फाईलवर ती लावू नका. त्याऐवजी रीडएल्फ -डी वापरा आणि ‘नीडेड’ लिहिलेल्या ओळी वाचा. त्यात फक्त पहिल्या पिढीची यादी मिळते, पण धोका नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, कारण तिने माझी एक संध्याकाळ खाल्ली आहे. एलडीडीची यादी स्वच्छ, एकही ‘नॉट फाउंड’ नाही, तरी मॉड्यूल उघडेना. कारण काही लायब्रऱ्या चालता चालता, गरज लागेल तेव्हा, डीएलओपन नावाच्या मार्गाने मागवल्या जातात. त्या एलडीडीच्या यादीत येत नाहीत. टोकनच्या मॉड्यूलमध्ये तर हे नेहमीचंच : कार्ड रीडरशी बोलणारी पीसीएससीलाइट बऱ्याचदा अशीच मागच्या दाराने येते. तेव्हा एसट्रेस, म्हणजे प्रोग्राम कुठल्या फायली उघडायला बघतो ते दाखवणारी आज्ञा, लावायचं :

एसट्रेस -एफ -ई ट्रेस=ओपनॲट पीकेसीएस११-टूल --मॉड्यूल /यूएसआर/लिब/लिबटोकन.एसओ -एल

शेवटचं एल इथेही मोठं. पडद्यावर शेकडो ओळी धावतील. ‘ईएनओईएनटी’ (म्हणजे ‘अशी फाईल नाही’) असलेल्या ओळींत एसओची नावं बघा. एकच नाव चार-पाच फोल्डरांत शोधलं आणि कुठेच मिळालं नाही, असं दिसलं की चोर सापडला. त्या संध्याकाळी चोर निघाला लिबपीसीएससीलाइट.एसओ, म्हणजे शेवटचा एक नसलेलं नाव. सिस्टीममध्ये ‘.एसओ.१’ होती, मॉड्यूलला नुसती ‘.एसओ’ हवी होती. हे बिनआकड्याचं नाव डेबियन-उबुंटूत नावाच्या शेवटी ‘-डेव्ह’ असलेल्या पॅकेजात मिळतं. लिबपीसीएससीलाइट-डेव्ह घातलं आणि काम झालं. खरं तर ड्रायव्हर लिहिणाऱ्यानेच आकड्यासह नाव मागायला हवं होतं, पण त्याला सांगणार कोण?

नाव आहे, पॅकेज कुठलं?

लायब्ररीचं नाव कळलं म्हणजे पॅकेजचं कळलं असं नाही. त्यासाठी एपीटी-फाईल नावाचं साधन आहे. ते आधी इन्स्टॉल करा, सुडो एपीटी-फाईल अपडेट एकदा चालवा, आणि मग :

एपीटी-फाईल सर्च लिबपीसीएससीलाइट.एसओ.१

उत्तर येईल लिबपीसीएससीलाइट१. फेडोरावर हेच काम डीएनएफ प्रोव्हाइड्स करतं, तिथे पॅकेज पीसीएससी-लाइट-लिब्स. आर्चवर पॅकमन -एफ, एफ मोठं.

नेहमी अडणाऱ्यांपैकी जुन्या टोकनांना लिबयूएसबी-०.१.एसओ.४ लागते, तिचं पॅकेज लिबयूएसबी-०.१-४. ती आणि लिबयूएसबी-१.० या दोन वेगळ्या आहेत, एक असली म्हणून दुसरीचं भागत नाही. पिन विचारायची खिडकी जुन्या पद्धतीची असेल तर लिबजीटीके-एक्स११-२.०.एसओ.० मागितली जाते, तिचं पॅकेज लिबजीटीके२.०-०. आवाजासाठी लिबएसाउंड.एसओ.२.

उबुंटू २४.०४ वर मात्र जुन्या नावाने पॅकेज मागितलं तर कधी ‘नो इन्स्टॉलेशन कँडिडेट’ असं उत्तर मिळेल. तिथे बऱ्याच पॅकेजांच्या नावाला शेवटी ‘टी६४’ लागलंय : लिबएसाउंड२टी६४, लिबजीटीके२.०-०टी६४. 2038 साली जुन्या ३२ बिटच्या वेळेचा आकडा भरून वाहणार आहे, त्याच्या तयारीत हा बदल झाला. आपल्या कामापुरतं एवढंच : जुन्या नावाला टी६४ जोडून बघा.

आणि कृपा करून नुसत्या ‘.एसओ’ फायली वाटणाऱ्या संकेतस्थळांवरून काही उतरवू नका. तुमच्या सहीच्या टोकनजवळ कुणाचीही फाईल नेऊन ठेवणं म्हणजे दुकानाची किल्ली रंकाळ्यावर फिरायला आलेल्या अनोळखी माणसाच्या हातात देणं.

आकडा जुळत नाही तेव्हा

आता त्या आकड्याचं. समजा ‘नॉट फाउंड’ पुढे लिबएसएसएल.एसओ.१.१ आहे आणि तुमच्याकडे लिबएसएसएल.एसओ.३ आहे. उबुंटू २२.०४ पासून आणि डेबियन १२ पासून ओपनएसएसएलची, म्हणजे सुरक्षित जोडणीच्या लायब्ररीची, तिसरी पिढी आली, १.१ गेली. जुने ड्रायव्हर मात्र १.१ साठीच बांधलेले. इथे हमखास कुणीतरी सल्ला देतं : “एक लिंक मार की, ३ ला १.१ म्हण.” म्हणजे नव्या फाईलला जुन्या नावाची पाटी लावायची.

उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, तीन सुती बोल्ट दहा एमएमच्या नटात जातो का. डोळ्यांना दोन्ही सारखे. दोन-तीन फेरे जाईलही. पण आटे वेगळे. पुढे पाना लावून दाबलं की आटे मरतात आणि मग नट, बोल्ट दोन्ही भंगारात. लायब्ररीचंही तेच. पाटी बदलून ‘नॉट फाउंड’ जाईल, त्याच्या जागी ‘व्हर्जन ओपनएसएसएल_१_१_० नॉट फाउंड’ येईल. आणि ते आलं तर नशीब म्हणायचं. कधी काहीच न बोलता ऐन सहीच्या वेळी प्रोग्राम कोसळतो.

मग करायचं काय? आधी ड्रायव्हरची नवी आवृत्ती शोधा. टोकनच्या डब्यावर मॉडेलचं नाव असतं, ते घेऊन सही देणाऱ्या संस्थेच्या डाउनलोड पानावर लिनक्सचा ताजा ड्रायव्हर बघा; बऱ्याचदा तो असतो, आपल्याला एजंटने जुना दिलेला असतो. तो नसेलच, तर ओपनएसएसएल १.१ ची फाईल सगळ्या सिस्टीमसाठी न घालता फक्त ड्रायव्हरच्या फोल्डरात ठेवता येते, आणि पॅचएल्फ या साधनाने मॉड्यूलला ‘आधी तुझ्याच फोल्डरात बघ’ असं शिकवता येतं. पण १.१.१ ला मूळ प्रकल्पाकडून 11 सप्टेंबर 2023 नंतर सर्वांसाठीच्या सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत. मी हे तात्पुरतंच करतो, आणि ज्याचं मशीन आहे त्याला तसं सांगून करतो.

‘व्हर्जन जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड’ असं आलं तर हिशोब उलटा आहे. ड्रायव्हर नवा, सिस्टीम जुनी. उबुंटू २०.०४ मध्ये जीलिबसी २.३१ आहे, २२.०४ मध्ये २.३५. जीलिबसी ही लिनक्सची मूळ लायब्ररी, सगळ्या घराची वासा-तुळई. ती एकटी बदलायला जाल तर एलएस आज्ञाही चालेनाशी होईल. इथे सिस्टीमची आवृत्ती वाढवा किंवा जुना ड्रायव्हर आणा. तिसरा मार्ग शोधू नका.

लायब्ररी आहे, पण वाटेत नाही

काही ड्रायव्हर आपल्या लायब्रऱ्या /ऑप्ट मध्ये स्वतःच्या फोल्डरात टाकतात आणि सिस्टीमला सांगायचं विसरतात. फाईंड आज्ञेने शोधली तर सापडते, एलडीडीला दिसत नाही. /ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डी या फोल्डरात ‘.कॉन्फ’ ने संपणारी एक फाईल करा, तिच्यात त्या फोल्डरचा पूर्ण पत्ता एका ओळीत लिहा, आणि सुडो एलडीकॉन्फिग चालवा. नोंद झाली का हे एलडीकॉन्फिग -पी सांगतं.

मोठ्या लिपीतलं एलडी_लायब्ररी_पाथ (लायब्रऱ्या कुठे शोधायच्या ते सांगणारी सेटिंग) वापरा असाही सल्ला मिळतो. चाचणीला ठीक आहे. बॅशआरसी मध्ये, म्हणजे टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या फाईलमध्ये, कायमचं लिहून ठेवू नका : टर्मिनलमधून चालेल, डेस्कटॉपच्या आयकॉनवरून उघडलेल्या ब्राउझरला ते बहुधा दिसणारच नाही, आणि सहा महिन्यांनी भलताच प्रोग्राम त्या फोल्डरातली जुनी लायब्ररी उचलून आडवा होईल. तेव्हा तुम्हाला ही ओळ आठवणार नाही.

पिंजऱ्यातला फायरफॉक्स

लक्ष्मीपुरीकडे परत येतो. दुसऱ्या दिवशी लिबपीसीएससीलाइट१ आणि पीसीएससीडी घातलं. पीकेसीएस११-टूलने टोकनचं नाव छापलं. मालकांनी चहा मागवला. फायरफॉक्स उघडला, मॉड्यूल जोडायला गेलो, आणि पुन्हा : ‘अनएबल टू ॲड मॉड्यूल’. चहा निवला.

मशीनवर उबुंटू २२.०४ होतं. एप्रिल 2022 च्या या आवृत्तीपासून उबुंटूतला फायरफॉक्स फक्त स्नॅपच्या रूपात येतो. स्नॅप म्हणजे पिंजरा. आतल्या फायरफॉक्सला स्वतःबरोबर आणलेल्या लायब्रऱ्या दिसतात, तुमच्या मशीनचं /यूएसआर/लिब दिसत नाही. तो ज्याला /यूएसआर/लिब समजतो ते पिंजऱ्यातलं, वेगळं. तुम्ही बाहेर कितीही पॅकेजं घाला, आत पोचत नाहीत. मालक फोल्डर उघडून दाखवत होते ते बाहेरचं. ब्राउझर बघत होता आतलं. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते. स्नॅपसारख्याच फ्लॅटपॅकच्या ब्राउझरचंही असंच, आणि उबुंटूतल्या क्रोमियमचंही.

तुमचा फायरफॉक्स पिंजऱ्यात आहे का हे ओळखायला ‘विच फायरफॉक्स’ वर विसंबू नका. उबुंटूत ती आज्ञा /यूएसआर/बिन/फायरफॉक्स असं साळसूद उत्तर देऊ शकते, आणि तिथे स्नॅपला हाक मारणारी छोटी स्क्रिप्ट असते. पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट:सपोर्ट’ टाका आणि ॲप्लिकेशन बायनरीची ओळ वाचा. तिथे /स्नॅप ने सुरू होणारा पत्ता असेल तर पिंजरा.

घाईचा उपाय : मोझिलाच्या संकेतस्थळावरून लिनक्सचा दाबलेला फायरफॉक्स (झिपसारखी ‘.टार’ फाईल) उतरवा, होम फोल्डरात सोडा, आणि त्या फोल्डरातली ‘फायरफॉक्स’ नावाची फाईल टर्मिनलमधून चालवा. इन्स्टॉल काही करायचं नाही, जुन्याला हात लावायचा नाही. टेंडरची मुदत डोक्यावर असेल तर हेच करा. हे मला आदल्या दिवशी सव्वातीनला सुचलं असतं तर त्या पोराला भर पावसात राजारामपुरीतून यावं लागलं नसतं.

कायमचा उपाय : मोझिलाचं स्वतःचं एपीटी भांडार जोडा आणि तिथला फायरफॉक्स घ्या. किल्ली आणि भांडाराच्या ओळी मोझिलाच्या मदतपानावर आहेत, त्या तिथूनच घ्या. पण त्यातली प्राधान्याची पायरी गाळू नका. /ईटीसी/एपीटी/प्रेफरन्सेस.डी मध्ये मोझिलाच्या भांडाराला १००० चं पिन-प्रायॉरिटी देणारी फाईल करावी लागते. ती नसेल तर ‘एपीटी इन्स्टॉल फायरफॉक्स’ म्हटल्यावर उबुंटू पुन्हा गुपचूप स्नॅपच आणून बसवतं, आणि तुम्ही फिरून पिंजऱ्यात. जुना स्नॅप काढण्याआधी बुकमार्क आणि पासवर्ड बाजूला काढा; त्याची प्रोफाइल होममधल्या स्नॅप/फायरफॉक्स/कॉमन या फोल्डरात, लपलेल्या .मोझिला मध्ये असते, नेहमीच्या जागी नाही.

क्रोमची तऱ्हा निराळी. त्याच्या सेटिंगमध्ये मॉड्यूल जोडायची जागाच नाही. लिबएनएसएस३-टूल्स पॅकेज घालून त्यातल्या मॉडयूटिल आज्ञेने होम फोल्डरातल्या .पीकेआय/एनएसएसडीबी मध्ये मॉड्यूलची नोंद करावी लागते, तीही क्रोमच्या सगळ्या खिडक्या बंद करून.

सगळं सापडलं, टोकन दिसत नाही

हा लायब्ररीचा दोष नाही, पण लोक इथे पोचून पुन्हा लायब्रऱ्या उलथायला लागतात, म्हणून लिहितो. कार्ड रीडरशी बोलणारी पीसीएससीडी ही सेवा जागी आहे का बघा : सिस्टीमसीटीएल स्टेटस पीसीएससीडी.सॉकेट. झोपली असेल तर स्टेटसच्या जागी स्टार्ट, पुढे सुडो. मग पीसीएससी-टूल्स पॅकेजमधली पीसीएससी_स्कॅन चालवून टोकन काढा आणि परत लावा. पडद्यावर हालचाल दिसली पाहिजे. नाही दिसली तर एलएसयूएसबी. तिथेही टोकन नसेल तर पोर्ट बदला. लांब केबलवरचा स्वस्त हब मधून काढून टाकल्यावर सगळं सुरळीत झालेली दोन ऑफिसं मला माहीत आहेत.

मॉड्यूल जोडल्यावर ब्राउझर एकदा पूर्ण बंद करून उघडा. मग सहीच्या पानावर गेलात की पिनची चौकट येईल, आणि इथे मात्र घाई नको. चुकीचा पिन लागोपाठ ठरावीक वेळा टाकला की टोकन कुलूपबंद होतं, आणि ते उघडणं आपल्या टर्मिनलच्या हातात नाही. कॅप्स लॉक बघा, नमलॉक बघा, कीबोर्ड मराठीवर राहिलाय का ते बघा.

लक्ष्मीपुरीत चौकट आली तेव्हा मालकांनी चष्मा लावला, खिशातल्या छोट्या डायरीचं शेवटचं पान उघडलं, मला म्हणाले, “जरा तिकडं बघा,” आणि एका बोटाने एकेक आकडा दाबायला लागले.